तळघरातली ओल कुठून येते?

जुने वाडे तुम्ही पाहिले असतील. कुणी अशा वाड्यात राहतही असेल. खाली काळ्या दगडाचे जोते. त्यावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती. आत सोपा, माजघर, देवघर. आणि माजघराच्या कोपऱ्यात एक लाकडी झडप. झडप उचलली की पायऱ्या लागतात. पायऱ्या उतरलो की तळघर.

आपल्या वाडवडिलांनी तळघर हौसेसाठी केले नाही. खाली उन्हाळ्यात गारवा असतो. चोराची नजर तिथे पोचत नाही. म्हणून धान्याचे बळद खाली. गुळाच्या ढेपा खाली. जमिनीचे कागदही खालीच, पेटीत. घरची खरी दौलत जमिनीच्या पोटात.

पण जमिनीच्या पोटात आणखीही काही असते. पाणी असते. ते दिसत नाही, वाजत नाही. दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

नीरेच्या पाटाखालच्या एका गावात आमचा रात्रीचा वर्ग भरतो. एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर भरतो. वाडा आजीबाईंचा. त्यांचा मुलगा अण्णा शेती पाहतो. सूनबाई आमच्या वर्गात आहेत. दोन वर्षांमागे त्यांना अक्षर येत नव्हते. आता त्या वाणसामानाची यादी स्वतः लिहितात.

दिवाळी झाली होती. आजीबाईंनी तळघरातले बळद उघडले. वर्षाची ज्वारी आत होती. झडप उचलताच कुबट वास आला. आजीबाईंनी हात घातला. वरची ज्वारी बरी होती. तळाची ज्वारी गरम लागली. गोळे झाले होते. गोळा फोडला तर आत हिरवट काळी बुरशी.

आम्ही संध्याकाळी गेलो तेव्हा त्या ओसरीवर बसून होत्या.

"काय सांगू बाबा, दोन पोती जुंधळा मातीत गेला. आन् हे पाणी कुणाचं हाय ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी बोट दाखवले शेजारच्या घराकडे. ते घर तात्यांचे. तात्या म्हणजे आजीबाईंचे चुलत दीर. भिंतीला भिंत लागलेली. आणि त्या भिंतीपलीकडे तात्यांची न्हाणी. अण्णांनी दोन वर्षांपूर्वी तळघराच्या भिंतीवर ओल पाहिली होती. तेव्हाच दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. तात्या म्हणाले, "माझ्या न्हाणीचं पाणी गटारात जातं, तुमच्या घरात न्हाई." अण्णांना ते पटले नाही. त्यांनी त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. तो वर्षात फुगला आणि पडला. पुन्हा केला. ओल वर चढली. आता अण्णा वकिलाकडे जाण्याच्या गोष्टी करत होते.

आम्ही म्हटले, "अण्णा, वकिलाकडे पुढे जा. आधी पाण्याला विचारू या."

पाण्याला विचारायचे म्हणजे काय, तेच इथे सांगतो.

ओलीच्या खुणा

भिंतीवरून पाणी वाहू लागले तर आंधळ्यालाही कळते. पण त्याच्या पुष्कळ आधी ओल आपला पत्ता देते. तो वाचता आला पाहिजे.

पहिला पत्ता नाकाला लागतो. सकाळी झडप उघडा आणि लगेच वास घ्या. थोडा वेळ खाली थांबलात तर नाक मरते, वास कळत नाही. कुबट वास म्हणजे कुठेतरी बुरशी आहे.

मग भिंतीचा पायथा पाहा. पांढरी भुकटी दिसते का? बोटाने घेतली तर खारट पिठासारखी लागते. तिला लोणा म्हणतात. मातीत आणि दगडात क्षार असतात. पाणी ते विरघळवते आणि बाहेर आणते. पाणी हवेत उडून जाते. क्षार मागे राहतो. म्हणजे भिंत आज हाताला कोरडी लागली तरी लोणा सांगतो की इथून पाणी येऊन गेले आहे. लोणा पुसून टाकला तर चार-आठ दिवसांनी पुन्हा पाहा. पुन्हा फुटला तर पाणी अजून येते आहे.

भिंतीवर बोटाच्या गाठीने टकटक करा. गिलावा घट्ट असेल तर भरीव आवाज येतो. आतून सुटला असेल तर पोकळ वाजतो, पिकलेल्या कलिंगडासारखा. तिथे गिलाव्यामागे पाणी किंवा क्षार आहे.

लाकूड तर हमखास पाहावे. तळघराच्या छताला तुळया असतात. तुळईचे मधले अंग चांगले असते. तिची टोके भिंतीत गेलेली असतात आणि ती तिथेच कुजतात. दाभण घ्या. भिंतीलगत तुळईत टोचा. दाभण लोण्यात शिरावे तसे आत गेले तर ती तुळई आता आधाराची नाही. वर माणसे झोपतात, हे ध्यानात घ्या. त्या तुळईखाली आधी टेकू द्या. ओलीचा शोध मग करा. वाळवीचे मातीचे बोगदे दिसले तरी समजा की जवळपास पाणी आहे. वाळवीला ओल लागते.

लोखंडी पेटीचा तळ, दाराच्या बिजागऱ्या, पत्र्याचे डबे पाहा. खालून गंज असेल तर जमीन ओली आहे. गोम, गोगलगाय, बेडूक सापडले तर त्यांना मारून विषय संपवू नका. ते कोरड्या जागी राहायला आलेले नाहीत.

मिठाचीही एक परीक्षा आहे. ती पावसाळ्यात करू नये. पावसाळ्यात सगळ्याच घरातल्या मिठाला पाणी सुटते. माघ-फाल्गुनात करा. एका वाटीत मीठ वर माजघरात ठेवा, एका वाटीत खाली. चार दिवसांनी वरचे मीठ सुटे आणि खालचे ओले असेल, तर खालची हवा दमट आहे.

उतरण्याआधी

इथे थोडे थांबू. हे वाचून कुणी लगेच झडप उघडून खाली उतरेल. तसे करू नका.

धान्य जिवंत असते. तेही श्वास घेते. ओल्या धान्याचा आणि बुरशीचा श्वास जोरात चालतो. बंद तळघरात किंवा पेवात हवेतला प्राणवायू त्यात खर्च होतो. जड, दूषित वायू तळाशी साचतो. त्याला रंग नाही, वासही नाही. माणूस खाली उतरतो, दोन पायऱ्यांवर चक्कर येते, पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. पेवात अशी एका मागोमाग माणसे गेल्याचे प्रकार घडले आहेत.

म्हणून झडप उघडून आधी हवा खेळू द्या. एक पूर्ण दिवस जाऊ द्या. मग दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडा. कंदील मंदावला किंवा विझला तर उतरायचे नाही. कंदील जळत राहिला तरी एकट्याने उतरायचे नाही. कमरेला दोर बांधा, दोराचे टोक वरच्या माणसाच्या हातात द्या. आणि खालचा माणूस पडला तर वरच्याने उतरू नये. दोराने ओढावे आणि हाक मारून माणसे जमवावी. खाली गटाराचा किंवा गॅसचा वास येत असेल तर कंदीलही सोडू नका. तो पेटता जाळ आहे.

तळघरात पाणी साचले असेल आणि खाली विजेचा दिवा असेल, तर घराचे मुख्य बटण बंद केल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. ओल्या भिंतीतल्या तारेचा धक्का माणसाचा जीव घेतो.

पाणी कुठून येते?

ओल दिसते एका जागी. पाणी शिरते भलत्याच जागी. सारा घोटाळा इथे होतो.

आपल्या जुन्या भिंती बहुधा दोन पदरी असतात. बाहेरून दगडांचा एक थर, आतून एक थर. मध्ये चिपा आणि माती भरलेली. वरून शिरलेले पाणी या मधल्या भरावात उतरते. वाट सापडेल तसे आडवे जाते. पूर्वेला शिरून उत्तरेला निघते. म्हणून जिथे ओल तिथेच दोष, असे धरून चालू नये. अण्णांनी तेच धरले होते.

पाणी येण्याच्या वाटा मात्र मोजक्या आहेत.

वरून येते ते पावसाचे. धाब्यातून, फुटलेल्या कौलातून, गळक्या पन्हळीतून. पागोळ्या जोत्याला लागून पडत असतील तर त्या तिथे चर खणतात. चरात पाणी उभे राहते आणि जोत्यात शिरते. काळी माती असेल तर आणखी एक भर. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीलगतची भेग हातभर खोलही जाते. वळवाचे पाणी त्या भेगेतून थेट पायाशी पोचते. हे पाणी पावसाच्या मागोमाग येते आणि पाऊस थांबला की आठ-पंधरा दिवसांत ओसरू लागते. ते ओळखायला सोपे.

खालून येते ते भूमीचे. आपल्या दख्खनच्या पठारात वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. पावसाचे पाणी मुरमात मुरते आणि कातळावर अडते. श्रावण-भादव्यात विहिरी काठोकाठ येतात, त्या यामुळेच. आता विचार करा. मुरमात खणलेले तळघर म्हणजे काय? तीही एक विहीरच, पायऱ्यांची. विहिरीचे पाणी तळघराच्या जमिनीइतके वर आले की तळघरालाही पाझर फुटणार.

हे तपासायला दोर पुरे. जवळच्या विहिरीत दोर सोडा आणि पाणी किती हात खाली आहे ते मोजा. तळघराची जमीन किती हात खाली आहे तेही मोजा. मात्र दोन्ही मापे एकाच पातळीपासून घ्या. विहीर उतारावर असेल तर फसगत होते.

पाटाखालच्या गावांनी पाटाचाही विचार करावा. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. रान हिरवे झाले, ऊस आला. पण पुढे काही जमिनी पाणथळ झाल्या आणि खारवटल्या. पाणी दिसताना शेतात दिसत होते, चढत होते जमिनीखालून. जमिनीखालचे पाणी चढले की घराचा पाया कसा वगळेल? पाटाचे पाणी असेल तर पाळी सुटल्यावर ओल वाढते आणि पाट बंद झाला की काही दिवसांनी कमी होते.

खालचे पाणी भिंतीत वर कसे चढते, असे सूनबाईंनी विचारले होते. पाणी तर खाली वाहते! त्यांना आम्ही चिमणीची वात दाखवली. रॉकेल तळाला असते, ज्योत वर. वात रॉकेल ओढते. माती, वीट, चुना यांतही वातीसारखी बारीक छिद्रे असतात. भिंत पाणी ओढते. हातभर, कधी दोन हात. म्हणून अशी ओल पायथ्याशी सगळीकडे सारखी दिसते आणि वर एका रेघेत थांबते. त्या रेघेवर लोणा फुटतो.

सिमेंटचा गिलावा का पडला, तेही यातच आले. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा श्वास घेतो. आतली ओल त्यातून हळूहळू उडून जाते. सिमेंटने ते तोंड बंद केले. पाणी आत कोंडले. मग ते आणखी वर चढून बाहेर पडायला जागा शोधू लागले. दोन वर्षांत अण्णांच्या भिंतीची ओल गुडघ्यावरून कमरेपर्यंत आली ती अशी. पैसे देऊन ओल वर चढवली म्हणा ना!

कधी कधी पाणी भिंतीतून येतच नाही. हवेतून येते. गार पाण्याचा तांब्या भरून ठेवला की बाहेरून थेंब जमतात. तांब्या गळत नसतो. दमट हवा गार धातूला लागते आणि तिच्यातले पाणी सुटते. आषाढात बाहेरची हवा दमट असते आणि तळघर गार असते. ओल जावी म्हणून आपण झरोके उघडतो आणि जास्तच ओल आत घेतो. हवा द्यायची ती उघडीप पडल्यावर, कोरड्या वाऱ्यात. ओल भिंतीतली की हवेतली, हे ओळखायला भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येते. आपल्याकडच्या अंगाला असतील तर हवेतून.

राहिली चौथी वाट. घरात माणूस आणतो ते पाणी. न्हाणीचे, मोरीचे, शोषखड्ड्याचे, नळाचे. पूर्वी बायका डोक्यावर हंडे आणत. दोन हंड्यांत घराच्या आंघोळी उरकत. सांडायला पाणी होते कुठे? २०१९ पासून जलजीवन मिशनचे नळ गावोगाव घरापर्यंत आले. बायकांच्या डोक्यावरचा भार गेला, फार चांगले झाले. पण शंभर वर्षे कोरड्या राहिलेल्या जोत्यांच्या कडेने आता रोज पाणी जाते, हेही खरे. शोषखड्डा भिंतीला लागून खणला असेल तर त्याने पाणी शोषायचे कुठे? तुमच्या पायातच.

कोळशाची रेघ

आता आजीबाईंच्या तळघराकडे परत जाऊ.

आम्ही सूनबाईंना एक कोळसा दिला. म्हटले, "भिंतीवर ओल जिथवर आली तिथे रेघ मारा. रेघेशेजारी तारीख लिहा. दर रविवारी असेच करा." भिंतीच्या कोपऱ्यात जमिनीलगत एका जागी पाणी ठिबकत होते. तिथे त्यांनी एक स्टीलची वाटी ठेवली. रोज सकाळी आणि दुपारी वाटी पाहायची आणि वहीत लिहायचे.

अण्णा हसले. "हे कसलं शाळेचं खूळ?"

पण सूनबाईंनी वही चालवली. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. पाऊस कधीच थांबला होता. रेघ खाली येईना. म्हणजे पावसाचे पाणी नव्हे. विहीर मोजली. पाणी बारा हात खाली गेले होते. तळघर फक्त पाच हात खोल. म्हणजे भूमीचेही नव्हे. पाटाची पाळी सुटली, बंद झाली. वाटीत फरक नाही.

"म्हंजी तात्याच!" आजीबाई म्हणाल्या. "आता राहिलं कोण दुसरं?"

माघात तात्यांच्या घरची सारी माणसे लेकीकडे मुंबईला गेली. दहा दिवस घराला कुलूप. न्हाणी कोरडी. जाड भिंत दहा दिवसांत वाळत नाही, त्यामुळे रेघेवरून काही कळणार नव्हते. पण वाटी होती. वहीत सूनबाईंनी लिहिले होते: सकाळी वाटी रिकामी. दुपारी अर्धी. दुसऱ्या दिवशी तसेच. दहाही दिवस तसेच.

त्यांनी वही आम्हाला दाखवली. एकदम म्हणाल्या, "गुरुजी, सकाळी रिकामी आन् दुपारी अर्धी. असं का? सकाळी काय होतं घरात?"

आम्ही सांगण्याआधी त्यांनाच उमगले. सकाळी सात वाजता गावचा नळ येतो. तासभर चालतो.

नळाची नळी रस्त्यावरून येऊन अंगणातून, ओसरीच्या जोत्याला लागून, मागच्या न्हाणीपर्यंत गेली होती. सगळी मातीखाली पुरलेली. अण्णांच्याच घरची नळी. नळ आला तेव्हाच घातलेली. ओल दिसू लागली तीही त्यानंतरच्या पावसाळ्यात. पण ओल आणि नळ यांची सांगड कुणी घातली नव्हती. शेजाऱ्याशी मात्र लगेच घातली.

तरीही खात्री करायला हवी होती. रस्त्याजवळची तोटी आठ दिवस बंद ठेवायची, असे ठरले. मग प्यायला पाणी कुठून आणायचे? सर्वांत जवळचा नळ तात्यांचा. अण्णा म्हणाले, हापशावरून आणू. हापसा गावाच्या टोकाला. सूनबाई काही बोलल्या नाहीत. मुंबईहून तात्या परत आले होते. सकाळी त्यांनी हंडा उचलला आणि सरळ तात्यांच्या अंगणात गेल्या. तात्यांनी विचारले, "काय ग, तुमचा नळ बंद पडला का?" सूनबाईंनी सगळे खरे सांगितले. वाटीचेही सांगितले.

तात्या म्हणाले, "भर की मग हंडा."

तिसऱ्या दिवशी दुपारी वाटी कोरडी होती. चौथ्या दिवशीही. आठव्या दिवशी तोटी उघडली आणि दुपारी वाटीत पुन्हा पाणी आले. तेव्हा आजीबाई स्वतः खाली उतरल्या, वाटी हातात घेऊन बघत राहिल्या आणि वर येऊन कुणाशीच काही बोलल्या नाहीत.

अंगण खणले. खणतानाही बेत लागतो. जोत्याला लागून खोल चर एकदम लांबवर खणू नये, पाया उघडा पडतो. दोन-दोन हातांचा तुकडा खणायचा, पाहायचा, बुजवायचा. तिसऱ्या तुकड्यात सांधा सापडला. दोन नळ्यांच्या जोडावर बोटभर चीर. खालचा मुरूम चिखल झालेला. तिथून पाणी जोत्याच्या कडेने उताराला जात होते आणि तात्यांच्या बाजूच्या कोपऱ्यात तळघरात उतरत होते. तात्यांची न्हाणी त्या कोपऱ्यापलीकडे, एवढाच तिचा गुन्हा.

मग काय करायचे?

पाण्याची वाट सापडली की निम्मे काम झाले. उरलेले काम वाटेवर अवलंबून आहे.

आधी बाहेरची आणि स्वस्तातली कामे करावी. पन्हळ नीट करणे, पागोळ्या जोत्यापासून दूर पाडणे, अंगणाला उतार देणे. भिंतीपासून चार हातांपर्यंत, दर हाताला दोन बोटे उतार पुरतो. जोत्यात उगवलेला पिंपळ-उंबर लहान आहे तोवर मुळासकट काढावा. शोषखड्डा घरापासून लांब हलवावा, आणि विहिरीपासूनही. यातले बरेचसे काम घरच्या हातांनी होते.

भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा उतरवावा आणि भिंतीला वाळू द्यावी. घाई करू नये. जाड भिंत वाळायला एक उन्हाळा लागतो, कधी दोन. वाळली की चुन्याचा गिलावा करावा. चुन्याचे काम जाणणारा गवंडी आता सहज मिळत नाही, पण शोधावा.

भिंतीला पोट सुटले असेल, म्हणजे ती बाहेर फुगली असेल, तर गिलाव्याचा विचारच सोडा. आतली माती पाण्याने ढिली झाली आहे आणि दगड एकमेकांना धरून नाहीत. अशा भिंतीजवळ खाट टाकू नका. जाणत्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला दाखवा. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भागात भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या अशाच जाड भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर पडली. हजारो माणसे गेली. ओल हे त्याचे कारण नव्हते. पण मातीत रचलेला दगड मुळात किती कमी धरतो, ते त्या रात्री दिसले. त्यात पाणी शिरले तर तो आणखी कमी धरतो.

पाणी भूमीचे असेल तर मात्र खरे सांगतो, आतून कितीही लेप द्या, ते थांबवणे कठीण आहे. एक भेग बुजवली तर ते दुसरीतून येते. अशा तळघरात धान्य ठेवणे सोडावे. धान्य वर न्यावे, पत्र्याच्या कोठीत, जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून हातभर दूर. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची जुनी पेवे आहेत. त्यांत हळद वर्षानुवर्षे चांगली राहत असे, इतकी तिथली जमीन कोरडी आणि घट्ट. पण २००५ साली कृष्णेला महापूर आला आणि पेवांत पाणी शिरले. शेकडो पेवे आणि त्यांतली हळद वाया गेली. चांगली जागासुद्धा पाण्यापुढे हरते.

पुराच्या पाण्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. पूर ओसरला की लोक इंजिन लावून तळघर एका दमात उपसतात. ते धोक्याचे आहे. बाहेरची जमीन अजून पाण्याने फुगलेली असते. ती भिंतीला आत ढकलते. आतले पाणी तिला उलटा रेटा देत असते. ते एकदम काढले तर भिंत आत कोसळू शकते. एका दिवशी तिसरा हिस्सा उपसा. रात्री पाणी पुन्हा चढते का पाहा. चढले तर थांबा.

आणि बुरशी लागलेल्या धान्याचे काय? वरवर झाडून, धुऊन, उन्हात घालून खाऊ नये. जनावरालाही घालू नये. काही बुरशींचे विष भाजून किंवा शिजवूनही जात नाही आणि ते यकृत बिघडवते. शेंगदाणे आणि मका यांना हा धोका अधिक. चांगले वाळलेले धान्य दाताखाली कट्‌ वाजते. मऊ दबले तर ते बळदात भरायच्या लायकीचे नाही, मग बळद कितीही कोरडे असो.

आजीबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांच्या जिवावर आले. दोन पोती ज्वारी! पण त्यांनी ती शेतात खड्डा करून पुरून टाकली.

नळीचा सांधा बदलला. नळी आता जोत्यापासून लांब, अंगणाच्या मधून नेली आहे. सिमेंट उतरवले आहे. भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा वैशाखापासून खाली खाली येत आहेत. सूनबाई अजून दर रविवारी तारीख लिहितात. तात्या परवा तळघर बघायला येऊन गेले. त्यांनी स्वतःच्या घरातली मिठाची वाटी कुठे ठेवायची ते सूनबाईंना विचारले.

बळद मात्र रिकामेच आहे. यंदाची ज्वारी वर माजघरात कोठीत आहे. अण्णा म्हणतात भरू या. आजीबाई म्हणतात, "अजून एक पावसाळा बघते."